प्रांजलीच्या हातातलं फाटक

मी एक लोखंडी फाटक. छत्रपती संभाजीनगरच्या देवळाई भागात, एका अरुंद गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरापुढं उभा आहे. दोन पल्ले, चार बिजागऱ्या आणि मधे एक कडी, एवढाच माझा पसारा. माझ्यावर ना मोर काढलाय, ना वेलबुट्टी. तरी या गल्लीत माझ्याएवढी बोलणी कुठल्या फाटकानं खाल्ली नसतील, आणि माझ्याएवढी मायाही कुणाच्या वाट्याला आली नसेल. दोन्ही मला एकाच पोरीमुळं मिळालं. तिची गोष्ट सांगावी म्हणून आज बोलतोय. एरवी फाटकानं उघडायचं ते दुसऱ्यांसाठीच.

बिडकीनच्या रस्त्यावर वेल्डिंगचं एक दुकान आहे. तिथं माझा जन्म झाला. पाइप कापले, गज जोडले, ठिणग्या उडाल्या, वर लाल प्रायमर आणि मग निळा रंग बसला. मला एका बंगल्यासाठी केलं होतं, पण माप चुकलं. डावा पल्ला उजव्यापेक्षा जरासा खाली आला. त्यामुळं मी उघडताना-मिटताना ‘क्रींऽ’ असा लांब सूर निघतो आणि बंद झालो की ‘खट्’. बंगलेवाल्यांनी नाक मुरडलं. मी दुकानाच्या भिंतीला टेकून धूळ खात राहिलो.

जवळच्याच कंपनीत कामाला असलेला रामप्रसाद एकदा बसची वाट बघत दुकानापुढं थांबला होता. त्यानं मला हलवून पाहिलं, आवाज ऐकला आणि हसला. “आल्यागेल्याचं घरात कळंल,” म्हणाला. दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून मी देवळाईला पोचलो.

घरात रामप्रसादची आई होती, सुगंधाबाई. पाचोडकडच्या मेंढपाळ घरातली. सारा जन्म उघड्या माळावर काढलेली ती म्हातारी मला बघून म्हणाली, “रामा, एवढं लोखंड कशाला आणलं रं? आपल्या वाड्याला काट्याची फांदी आडवी टाकली की मेंढरं गप बसायची.”

“माय, इथं मेंढरं नायत, गाड्या हायेत,” रामप्रसाद म्हणाला. “उद्या लेकरू रांगत रस्त्यावर गेलं म्हंजी?”

त्याची बायको शीला दारात उभी होती. तिचे दिवस भरत आले होते. म्हणजे मी आलो तो त्या लेकरासाठीच, त्याच्याही आधी.

लेकरू आलं. मुलगी. नाव ठेवलं प्रांजली. घरचे तिला प्रांजा म्हणायचे. गोरीपान नाही, पण डोळे असे, की बघणाऱ्यानं बघत राहावं. ती मात्र कुणाकडं फारसं बघायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. गल्लीतली तिच्या वयाची पोरं ‘मम्मी, पप्पा, भूर’ म्हणायला लागली तरी ही गप्पच. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. त्या दिवशी परत आल्यावर शीला आत गेलीच नाही. कागदांची पिशवी पोटाशी धरून माझ्यापाशीच उभी राहिली.

“काय म्हणले डाक्टर?” सुगंधाबाईनं विचारलं.

“स्वमग्नता म्हणले, आत्याबाई. ऑटिझम. आजार नाय म्हणं हा. पोरीची घडणच येगळी हाय.”

म्हातारीनं कागदांची पिशवी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाली, “घडण व्हय? मंग असू दे. आपल्या हातची थोडीच हाय.” असं म्हणाली खरी, पण शनिवारी तिनं माझ्या गजाला लिंबू-मिरची बांधलीच. माणसं असं करतात. एक गोष्ट पटली म्हणून दुसरी सोडत नाहीत.

प्रांजली नीट चालायला लागली आणि तिनं मला शोधलं. सकाळचं ऊन माझ्या गजांतून अंगणातल्या फरशीवर पडतं. काळे-पिवळे पट्टे उमटतात. मला हलवलं की ते पट्टे फरशीवरून सरकत भिंतीवर चढतात आणि पल्ले मिटले की परत खाली उतरतात. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं. ती मला ओढायची, सोडायची, आणि पट्टे बघून अशी खुदकन हसायची, की माझ्या लोखंडात गार वारं शिरावं. पट्टे भिंतीवर चढले की ‘क्रींऽ’, उतरले की ‘खट्’. तिच्यासाठी तो खेळच होता. गाण्याचा, उजेडाचा.

तेव्हाचा तिचा हात मला आठवतो. हलका हात. बोटं गजावर नुसती टेकलेली, मनगट सैल. दमली की आपणहून सोडायची आणि आत पळायची. लोक म्हणत, “काय येड्यावानी चालवलंय.” मला तर वाटायचं, एवढ्या प्रेमानं कुणी देवाच्या दारालाही हात लावत नसेल.

मग शाळा आली, आणि सगळं बदललं.

गल्लीतून राजकुमारची रिक्षा शाळेत जायची. राजकुमार भला माणूस, पण रिक्षात आणखी पोरं असायची, त्यांनाही वेळेवर पोचवायचं असायचं. पहिल्या दिवशी गणवेश घालून, दप्तर अडकवून प्रांजली माझ्यापाशी आली. मला उघडलं. बाहेर पाऊल टाकलं. मागं घेतलं. मला लावलं. परत उघडलं. परत लावलं. तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता, “परत. परत. परत.”

“चल बाय, रिक्षा थांबलीय,” शीला म्हणाली.

“परत.”

हॉर्न वाजला. रिक्षातली पोरं खिदळली. प्रांजलीचं उघडणं-लावणं आणखी जोरात झालं. शेवटी राजकुमार म्हणाला, “ताई, माफ करा, बाकीच्यांना उशीर होतोय,” आणि निघून गेला. शीलानं पोरीला कमरेला धरून ओढलं तेव्हा पोरीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

त्या दिवशी मला जे कळलं, ते सांगायला मला तोंड हवं होतं. हा तिचा नेहमीचा हात नव्हता. तळवा घामानं ओला होता. बोटं पांढरी पडेस्तोवर आवळलेली. आणि ती पट्ट्यांकडं बघतही नव्हती. ती बघत होती रिक्षाकडं. तिला जायचं होतं! पण हात तिचं ऐकत नव्हता. कडी बसायची, आणि तिच्या मनात काहीतरी बसायचं राहून जायचं. ते बसावं म्हणून परत, आणि परत.

रमणं वेगळं आणि अडकणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. घरच्यांना वाटलं, पोरगी हट्टाला पेटलीय.

मग उपाय सुरू झाले. सुगंधाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शीलानं चॉकलेट दाखवून पाहिलं. समोरच्या घरातले तात्यासाहेब, नोकरीतून निवृत्त झालेले, दुपारी झोपेची सवय असलेले गृहस्थ, ते एक दिवस बनियनवरच बाहेर आले. “रामप्रसाद, अरे माणसानं झोपायचं कधी? हे फाटक आहे का गिरणी?”

रामप्रसाद खाली मान घालून घरात गेला आणि तेलाचा डबा घेऊन आला. माझ्या चारी बिजागऱ्यांत तेल सोडलं. माझा सूर गेला. मी मुका झालो. त्याला वाटलं, आवाज गेला की नादही जाईल. झालं उलटंच. प्रांजलीनं मला ओढलं, सूर आला नाही. तिनं कान गजाला लावला. जोरात ओढलं. आणखी जोरात. आपलं माणूस बोलेनासं झालं की आपण त्याला गदागदा हलवतो ना, तशी ती मला हलवू लागली. तास न् तास. हाताला फोड आले.

रामप्रसादची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. सकाळी येऊन आडवा झाला की डोक्यात माझा दणदणाट. एका सकाळी तो उठला, कुठून तरी साखळी आणली, माझ्या दोन्ही पल्ल्यांना गुंडाळली आणि कुलूप घातलं.

“आता बघतोच कशी उघडती,” म्हणाला.

प्रांजली आली. ओढलं. मी हललो नाही. तिनं साखळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग कपाळ माझ्या गजावर टेकवलं. मला वाटलं, रुसून टेकली. पण तिनं ते मागं घेतलं आणि आपटलं. परत आपटलं. मी लोखंडाचा, मला मऊ होता येत नाही. तो एकच क्षण असेल माझ्या आयुष्यात, जेव्हा मला लाकडाचा, कापडाचा, अगदी काट्याच्या फांदीचा जन्म मिळाला असता तरी चाललं असतं असं वाटलं.

शीला शिलाई मशीन सोडून धावली. पोरीच्या भुवईवरून रक्त आलं होतं. रामप्रसादनं कुलूप काढताना किल्ली दोनदा हातातून पाडली. साखळी त्यानं गल्लीत भिरकावली आणि उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडला. एवढा मोठा माणूस.

“काढूनच टाकतो हे,” तो डोळे पुसत म्हणाला. “ना बांबू ऱ्हाईल, ना बासरी वाजंल.”

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बिजागऱ्यांतून उचललं आणि घराच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागं, भिंतीकडं तोंड करून उभं केलं. माझी जागा उघडी पडली. त्या रिकाम्या जागेत प्रांजली खूप वेळ उभी होती. हवेत हात पुढं करायची आणि मागं घ्यायची. तिला रागवायला आता कुणाला काही कारणही उरलं नव्हतं.

दुपारी शीला गुलमंडीतून आणलेल्या साड्यांना फॉल लावत बसली होती. म्हातारीचा डोळा लागला होता. आणि मला शीलाची हाक ऐकू आली. “प्रांजा? ए प्रांजा!” मग पावलं. आतून बाहेर, बाहेरून आत, टाकीपाशी, जिन्याखाली. मग ती गल्लीत धावली. पायात चप्पल नव्हती, मला नुसत्या पावलांचा आवाज आला.

पोरगी गेली होती.

गल्लीत हलकल्लोळ झाला. तात्यासाहेब काठी न घेताच बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या एका बाईनं सांगितलं, पोरगी दर घराचं फाटक उघडत-लावत पुढं गेली. हे ऐकून रामप्रसाद किल्ली घ्यायला आत धावला. कारण गल्ली संपली की मोठा रस्ता, आणि त्याच्या पुढं बायपास. तिथले ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. तो मोटारसायकल घेऊन सुटला. म्हातारी मात्र टाकीमागं आली आणि माझ्या पाठीला टेकून बसली. “तुझ्याचपायी गेली रं,” एवढंच म्हणाली. तिला मला दोष द्यायचा होता, की माझ्यापाशी बसायचं होतं, मला कळलं नाही. आम्ही दोघंही गल्लीकडं कान लावून राहिलो.

ऊन कलल्यावर गलका जवळ आला. पुढं रामप्रसाद मोटारसायकल हातानं ढकलत. मागं खाकी कपड्यातला एक उंच माणूस, आणि त्याचं बोट धरून चालणारी प्रांजली. त्यांच्याबरोबर स्कूटी घेऊन एक बाई.

त्या माणसाचं नाव कडूबा. बायपासच्या अलीकडं एक मोठी इमारत आहे, तिथला तो वॉचमन. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, “घाबरू नका, पोरगी माझ्याकडं ड्युटीवर होती! आली अन् थेट माझं गेट धरलं. म्हणलं, उघड बाई. गाडी आली की उघडायची, गेली की लावायची. एक गाडी सोडली नाय पोरीनं. मी मात्र रस्त्याच्या बाजूनं उभा राहिलो, तिला पल्याड जाऊ दिलं नाय.”

ऐकून शीला एकाच वेळी हसली आणि रडली. ती कडूबाचे पाय धरायला वाकली तर तो दोन पावलं मागं सरला. “अहो काय करता ताई! उलट माझं काम हलकं केलं हिनं.”

स्कूटीवाली बाई होती दीपमाला. त्याच इमारतीत राहायची आणि शहरातल्या एका केंद्रात अशा मुलांबरोबर काम करायची. घरी परतताना तिनं गेटवर प्रांजलीला पाहिलं होतं, आणि रामप्रसाद पोचेस्तोवर ती तिथंच बसून राहिली होती. आता तिनं अंगणातल्या उघड्या जागेकडं पाहिलं.

“इथलं गेट कुठंय, दादा?”

“काढून टाकलं, मॅडम. त्याच्यामुळंच सगळा तमाशा.”

“परत लावा.”

“अहो, पण मॅडम...”

“लावा, दादा. त्यातून तिला काहीतरी मिळत होतं. ते आपण काढून घेतलं, म्हणून ती ते शोधायला गेली. आणि तिला काय मिळत होतं, हे आपल्यालाच अजून कळलेलं नाही.”

मी परत जागेवर आलो. बिजागऱ्यांतलं तेल पुसलं गेलं आणि थोड्याच दिवसांत माझा आवाजही परतला. प्रांजलीनं पहिल्यांदा माझा ‘क्रींऽ’ ऐकला तेव्हा ती माझ्या गजाला गाल लावून उभी राहिली. 

दीपमाला दर आठवड्याला येऊ लागली. पहिल्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. पायरीवर बसली आणि प्रांजलीकडं बघत राहिली. सुगंधाबाई चहा देताना सुनेच्या कानात कुजबुजली, “ही बाई नुसती बसायला येती का गं?”

जाताना दीपमालानं शीलाला विचारलं, “ताई, ही गेटशी खेळते ते रोज सारखंच असतं का?”

“सारखंच की. उघडायचं, लावायचं.”

“नक्की? जरा बघा. सांगू नका मला आत्ताच. नुसतं बघा.”

शीला बघू लागली. पहिल्यांदा तिला काहीच दिसलं नाही. दिसत नाही म्हणून ती चिडलीही. एक दिवस तर म्हणाली, “मॅडमला काय, संध्याकाळी स्कूटीवर बसून घरी जायचं असतं.” पण बघायचं तिनं सोडलं नाही. आणि एका सकाळी, रिक्षा दारात, प्रांजली “परत परत” म्हणत मला आदळतेय, शीला रडकुंडीला आलेली. ओढायला म्हणून तिनं पोरीच्या हातावर हात ठेवला. पण ओढलं नाही. तसाच ठेवला.

मला दोघींचे हात एकदम कळले. वरचा हात दचकला.

“अहो,” तिनं हाक मारली. “अहो, जरा इकडं या. हात लावून बघा. थरथर कापतीय ओ ही. घामानं पार भिजलीय. हिला थांबायचंय. थांबायचंय, पण थांबता येईना हिला!”

रामप्रसाद आला. त्यानं लेकीच्या मुठीवर आपला राठ तळवा ठेवला.  मग हळूच म्हणाला, “मंग मी इतके दिवस कुणाशी भांडत व्हतो?”

मला त्या दिवशी तोंड फुटल्यासारखं झालं. जे मला सांगता येत नव्हतं, ते तिच्या आईनं ऐकलं होतं.

पुढच्या खेपेला हे कळल्यावर दीपमालाचे डोळे चमकले. ती म्हणाली, “रमलीय तेव्हा रमू द्या. त्यात वाईट काही नाही. आपण नाही का गुणगुणत, पाय हलवत? अडकलीय तेव्हा मदत करा. पण ओढून नाही.”

“गुंता ओढला की आवळतो,” शीला म्हणाली. दिवसभर दोरे हाताळणारी बाई ती.

“अगदी बरोबर. आधी तिच्याबरोबर थांबा. घाई आपल्या आवाजात येऊ देऊ नका, तिला ती लगेच कळते. मग पुढं काय होणार ते दाखवा.”

त्यासाठी दोन फोटो काढले गेले. एक शाळेचा, एक माझा. होय, माझा! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा फोटो काढला. आधी शाळा, मग फाटक, असे दोन्ही शेजारी-शेजारी माझ्याच गजाला अडकवले. आणि ‘परत’ या शब्दाचं काय करायचं, ते शीलानंच शोधलं. एकदा पोरगी “परत, परत” करत होती, आणि शीलाच्या तोंडून आपसूक निघालं, “व्हय बाय, परत येऊ. शाळेत जाऊ, अन् परत येऊ.”

प्रांजलीचा हात क्षणभर थांबला. तिनं आईकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत. तिच्या मनात आधीपासून तेच होतं का, दारातून गेलं की परत यायला मिळतं का, हे कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. दीपमालाही म्हणाली, “असेल, नसेल. पण तिला ते आवडलं, एवढं खरं.” त्या दिवशी ती रिक्षात बसली. दुसऱ्या दिवशी नाही बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. असंच चाललं. एक पाऊल पुढं, कधी दोन मागं. राजकुमारनं बाकीच्या पोरांना आधी शाळेत सोडून प्रांजलीला शेवटी, एकटीला घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मागं कुणी ताटकळणारं नको. शीला तात्यासाहेबांकडं जाऊन सगळं समजावून आली. ते ऐकून घेऊन “हूं” एवढंच म्हणाले, पण पुढच्या खोलीतला पलंग मागच्या खोलीत गेला. आता तर संध्याकाळी ते काही काम नसताना आमच्या दारात येतात. प्रांजली मला उघडते, ते आत येतात, “थँक्यू मॅडम” म्हणतात, आणि परत बाहेर जातात. तीही त्यांच्यासाठी लगेच उघडते. दोघांपैकी कोण जास्त रमतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सकाळबद्दल.

सुट्टीत घडी विस्कटली होती. शीला माहेरी गेलेली, तिची आई आजारी होती. घरात म्हातारी आणि रामप्रसाद. रामप्रसादला पहिल्या पाळीची कंपनीची बस गाठायची होती. अंगात कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. राजकुमारची रिक्षा येऊन उभी राहिली. आणि प्रांजली अडकली. इतकी वाईट, की कित्येक महिन्यांत तशी अडकली नव्हती. दात आवळलेले, श्वास चढलेला, मुठी पांढऱ्या.

“ओढू नको रं तिला,” सुगंधाबाई आतून ओरडली.

“नाय ओढत, माय.”

त्यानं फोटो दाखवले. तिनं बघितले नाहीत. “परत येऊ, प्रांजा,” म्हणाला. तिनं ऐकलं नाही. लांबून कंपनीच्या बसचा आवाज आला. त्याची मान तिकडं वळली. मला वाटलं, आता संपलं. आता हा पोरीला उचलणार आणि रिक्षात टाकणार. त्याच्या हातातली घाई मी फार जवळून ओळखतो.

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि धुतलेल्या पॅंटसकट मातीत मांडी घालून बसला. राजकुमारनं ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं. गल्ली शांत झाली.

माझा एक पल्ला पोरीच्या हातात होता. दुसरा बापानं धरला. ती उघडायची तसा तो उघडायचा, ती लावायची तसा तो लावायचा. तिच्याच वेगानं. बस गेली, त्यानं मान वर केली नाही. एका बाजूला सैरभैर झालेला छोटा हात आणि दुसऱ्या बाजूला मोठा राठ हात, आणि मधे मी. थोड्या वेळानं मोठा हात हळू झाला. अगदी किंचित. छोटा तसाच. मोठा आणखी हळू झाला. माझा सूर लांबला, क्रींऽऽ. छोट्या हाताला ते जाणवलं असावं. तोही लांबला. दोघांचा सूर एकमेकांत मिसळू लागला. मग तिच्या तळव्यातला घाम सुकू लागला, बोटांत रंग भरू लागला. मनगट सैल झालं.

आणि मग तिनं तिचा पल्ला लावला. कडीवर पंजा ठेवला. आतलं जे काही बसायचं होतं, ते बसलं. मला ते स्पष्ट कळलं.

बापाला मात्र कळलं नव्हतं. तो डोळे मिटून आपला पल्ला हलवतच होता. उघड, लाव, उघड, लाव.

प्रांजली त्याच्यापाशी गेली. त्याच्या हातावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला.

“पप्पा,” ती म्हणाली, “झालं.”

हे दोन शब्द तिनं तोपर्यंत कधी जोडले नव्हते. रामप्रसादनं डोळे उघडले. रिक्षाच्या आरशात बघत राजकुमारनं बाहीनं नाक पुसलं. आतून म्हातारी विचारत होती, “काय म्हणली रं? काय म्हणली ती?” आणि रामप्रसादला सांगता येत नव्हतं, कारण तो मातीत बसून हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. प्रांजलीनं दप्तर उचललं, मला उघडलं आणि रिक्षात जाऊन बसली.

आता माझा निळा रंग बराच उडालाय. जिथं तिचा हात पडतो तिथलं लोखंड चांदीसारखं चकाकतं. डावा पल्ला आणखी खाली आलाय. रामप्रसाद म्हणतो, यंदा रंग देऊ. शीला म्हणते, द्या, पण ती चकाकी तेवढी सोडा. प्रांजली अजूनही अडकते. कधी माझ्यापाशी, कधी शाळेतल्या नळापाशी, कधी एकाच प्रश्नापाशी. ते पुसून जाणार नाही, आणि कुणी पुसायलाही निघालेलं नाही.

तुम्हालाही असं लेकरू कुठं दिसेल. दुकानाच्या दारात, बसच्या पायरीवर, लिफ्टच्या बटणापाशी, एकच एक गोष्ट करत असलेलं. त्याच्या आईकडं रोखून बघू नका. लेकराला ओढू नका. ते रमलंय का अडकलंय, एवढं आधी बघा. रमलं असेल तर हसा आणि पुढं जा. अडकलं असेल तर जरा थांबा, आणि त्याच्या घरच्यांनाही निवांत थांबू द्या.

कोपऱ्यावर राजकुमारची रिक्षा वळली. शाळा सुटली. आज ती मला एकदाच उघडेल, की सगळी संध्याकाळ, मला ठाऊक नाही. मला घाई नाही.